तुमचं ‘नाही’ आता कोणी खरं मानत नाही : अमेरिकी हवाई दलाला खुलं पत्र

प्रति,
माननीय सचिव, अमेरिकेचं हवाई दल,
तसंच सिनेट आणि प्रतिनिधिगृहातल्या सशस्त्र सेना समित्यांचे सर्व सदस्य,
वॉशिंग्टन.

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्र मराठीत लिहितेय, कारण चिडले की मला मराठीच सुचतं. भाषांतराची काळजी नाही. जगाचं बोलणं ऐकून समजून घ्यायची जेवढी सोय तुमच्याकडे आहे, तेवढी आणखी कोणाकडे नसावी. शिवाय पत्रावर नाव तुमचं असलं तरी वाचणार आमचीच माणसं आहेत, आणि त्यांनाही चार गोष्टी सांगायच्या आहेत.

मी मूळची मिरजेची. गेली बावीस वर्षं कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टरला राहते आणि इथल्या एका हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवते. लँकेस्टर आणि पामडेल ही वाळवंटातली जोडगावं, आमच्या सांगली-मिरजेसारखी. कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते फक्त पाट्यांवरून कळतं. ईशान्येला एडवर्ड्सचा हवाई तळ, आणि पामडेलच्या अंगाला तुमचा प्लँट ४२, म्हणजे हवाई दलाच्या मालकीचा विमानकारखाना. तिथे लॉकहीड कंपनीचा गुप्त विमानं बनवणारा विभाग स्कंक वर्क्स आहे, नॉर्थरॉप ही दुसरी विमानकंपनी आहे. शाळेचं वर्ष सुरू होताना आम्ही मुलांकडून एक फॉर्म भरून घेतो. त्यात आईवडिलांच्या व्यवसायाचा रकाना असतो. कोणी लिहितं, ‘सुतार, घरांची छपरं घालतात’. कोणी लिहितं, ‘परिचारिका, रात्रपाळी’. आणि कितीतरी फॉर्मांवर नुसता एकच शब्द असतो : एरोस्पेस. पुढे स्वल्पविरामसुद्धा नाही. मीही कधी विचारत नाही. या गावात ती रीत आहे.

आता चिडायचं कारण.

गेल्या महिन्यात मिरजेहून मामेभावाने व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेने गुपचूप बनवलेलं हेरविमान, आत पायलट नाही, वेग ध्वनीच्या दहापट, तुमच्या डोक्यावरून जाईल आणि पत्ता लागणार नाही, वगैरे. मागे ढोल बडवल्यासारखं संगीत. खाली त्याचा प्रश्न : ‘अक्का, तुझ्या घराशेजारीच बनतंय म्हणे. खरं का?’

चित्र मी पाच सेकंदांत ओळखलं. २०२२ च्या एका हॉलिवूडपटासाठी उभं केलेलं ते मॉडेल होतं, आणि सिनेमातल्या त्या विमानात तर वैमानिक होता! मी मोठ्या उत्साहाने टाइप करायला घेतलं, ‘नाही रे, असं काही नाही.’ आणि ‘नाही’पाशीच अंगठा अडला. कशाच्या जोरावर म्हणू? हवाई दल म्हणतं म्हणून? तुमच्या ‘नाही’चा इतिहास मला या गावात राहून पाठ झालाय. शेवटी फोन उलटा ठेवला आणि भाजी चिरायला घेतली.

ही अफवा मिरजेत जन्मलेली नाही, सर. ती तुमच्याच अंगणातून निघाली. १ नोव्हेंबर २०१३ ला एव्हिएशन वीकने एसआर-७२ या नियोजित हेरविमानाची बातमी छापली, ती काही कुंपणावरून डोकावून मिळवलेली नव्हती. लॉकहीडच्या माणसांनी स्वतः माहिती दिली होती : ध्वनीच्या सहापट वेग, साधं जेट आणि अतिवेगासाठीचं स्क्रॅमजेट या इंजिनांची जोडणी, आणि २०३० च्या सुमारास सेवेत येऊ शकेल असं विमान. पुढे २०१७ च्या सप्टेंबरात त्याच साप्ताहिकाने छापलं, की पामडेलला एक अनोळखी मानवरहित विमान दोन टी-३८ प्रशिक्षण विमानांच्या सोबतीने उतरताना काहींनी पाहिलं. २०१८ च्या जानेवारीत एका परिषदेत कंपनीचा एक वरिष्ठ अधिकारी असं बोलून गेला, की तिथल्या पडद्यावर दाखवलेलं ते विमान जणू आधीच तयार झालंय. मग सिनेमा आला. त्यातल्या काल्पनिक विमानाला आकार द्यायला स्कंक वर्क्सने मदत केली, आणि हे कंपनीने अभिमानाने सांगितलं. म्हणजे मिसळीचा वास अख्ख्या गल्लीभर सोडायचा, आणि दार वाजवलं की म्हणायचं आमच्याकडे आज उपास आहे.

त्यात जमाखर्चाची गंमत वेगळीच. जुलै २०२५ मध्ये लॉकहीडने तिमाहीचे आकडे जाहीर केले, तेव्हा विमानविभागातल्या एका गोपनीय कामावर ९५ कोटी डॉलरचा तोटा दाखवला. कुठलं काम, ते सांगितलं नाही. ते अमुकच विमान असेल असं मीही म्हणत नाही. पण कायद्याचा हा खेळ बघण्यासारखा आहे : ज्याच्या करातून काम होतं त्याला ते काय आहे हे कळायचा हक्क नाही, आणि ज्याच्याकडे शेअर आहे त्याला त्यात किती बुडाले हे मात्र कळलंच पाहिजे. आमच्या स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्याने त्या दिवशी विचारलं, ‘मग एखादा शेअर घेऊन ठेवू का? नागरिकत्वापेक्षा बरा पडेल.’

तुमचं गुपित फुटतं ते असं. आकाशातून नव्हे, वहीतून. १९८५ सालीही हेच झालं होतं. त्या वर्षीच्या संरक्षण अंदाजपत्रकात ‘इतर विमानं’ या सदरात ‘ऑरोरा’ असा एक शब्द छापून गेला आणि समोर १९८७ सालासाठी दोन अब्ज डॉलरहून मोठी रक्कम. पुढच्या वर्षी शब्द गायब. झालं! तीन वर्षांनी एसआर-७१ हे वेगवान हेरविमान निवृत्त करायच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा सगळ्यांनी दोन अधिक दोन केले : जुनं काढतात म्हणजे नवं आलेलं असणार. ऑगस्ट १९८९ मध्ये उत्तर समुद्रातल्या तेलविहिरीवर काम करणाऱ्या ख्रिस गिब्सन या अभियंत्याने, जो ब्रिटनच्या विमान-निरीक्षक दलात प्रशिक्षण घेतलेला होता, इंधनवाहू केसी-१३५ आणि दोन एफ-१११ बॉम्बर विमानं यांच्या सोबतीला एक काळा त्रिकोण पाहिला. १९९२ मध्ये टेक्सासातल्या अमारिलोजवळ दोरीत ओवलेल्या मेदूवड्यांसारखा धुराचा पट्टा कोणी कॅमेऱ्यात टिपला. (इथे डोनट म्हणतात, मला मेदूवडेच दिसतात.) आणि १९९१ च्या जूनपासून आमच्या या दक्षिण कॅलिफोर्नियाच्या डोक्यावर गडगडाट होऊ लागले. बहुतेक गुरुवारी, सकाळी सातच्या आगेमागे.

हा गडगडाटाचा भाग मी दर वर्षी वर्गात शिकवते, कारण याहून सुंदर गणित मला सापडलेलं नाही. कॅलिफोर्नियात भूकंपमापकांचं जाळं आहे. भूकंपासाठी बसवलेल्या त्या दोनशेहून अधिक यंत्रांना आकाशातला धक्काही जाणवतो. कोलंबिया अवकाशयान एडवर्ड्सला उतरायला आलं तेव्हा त्याच्या धक्क्याची लहर यंत्रांनी नोंदवली होती, त्यामुळे मोजायचं कसं हे शास्त्रज्ञांना आधीच ठाऊक होतं. एका यंत्रावर लहर कधी पोचली, पुढच्यावर किती सेकंदांनी, यावरून दिशा आणि वेग काढता येतो. जिम मोरी या भूकंपशास्त्रज्ञाने ते काढलं. यानाचं उतरणं गडगडाटाच्या दिवशी नव्हतं, म्हणजे काहीतरी दुसरंच समुद्रावरून आत येऊन ईशान्येला नेवाडाच्या रोखाने गेलं होतं. मुलं फळ्यावर ते पुन्हा सोडवतात. पुढे काही ध्वनितज्ज्ञांनी ते धक्के समुद्रावर सराव करणाऱ्या नौदलाच्या लढाऊ विमानांचे असावेत असं मत दिलं. मला ते पटण्यासारखं वाटतं. पण दर वर्षी एक तरी हात वर होतो : ‘मिस, हवाई दलाने काय सांगितलं?’

हवाई दलाने सांगितलं, नाही. डिसेंबर १९९२ मध्ये तुमच्या खुर्चीवर बसणारे डोनाल्ड राइस यांनी वॉशिंग्टन पोस्टला पत्र लिहून कळवलं, की ऑरोरा या नावाचं किंवा दुसऱ्या कुठल्याही नावाचं असं काही आमच्याकडे नाही. स्कंक वर्क्सचे माजी प्रमुख बेन रिच यांनीही निवृत्तीनंतर सांगितलं, की ऑरोरा हे बी-२ बॉम्बरच्या स्पर्धेसाठीच्या पैशाला दिलेलं टोपणनाव होतं, बाकी काही नाही.

मला खरंच वाटतं की राइस खरं बोलत होते. एवढं तपशिलात जाऊन, पळवाट न ठेवता कोणी खोटं लिहीत नाही. पण माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला ते खरं वाटत नाही, आणि त्यांना मी दोष देत नाही. लांडगा आला रे आला ही गोष्ट आम्ही लहानपणी ऐकली. तुमची गोष्ट तिच्या उलटी आहे. लांडगा नाही, लांडगा नाही असं इतक्यांदा सांगितलंत, आणि इतक्यांदा मागे शेपूट दिसलं, की आता खरोखर कळपात मेंढीच उभी असली तरी लोक तिचे दात मोजतात.

आठवण करून देऊ? १ मे १९६० ला सोव्हिएत हद्दीत तुमचं यू-२ हेरविमान पाडलं गेलं. तुम्ही म्हणालात, ते नासाचं हवामान पाहणारं विमान होतं, भरकटलं असेल. नुसतं म्हणाला नाहीत. ६ मेला इथेच, एडवर्ड्सला, एका यू-२ वर नासाची पट्टी रंगवून, शेपटीवर खोटा क्रमांक घालून ते पत्रकारांपुढे उभं केलंत. माझ्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने जाहीर केलं, वैमानिक जिवंत आहे आणि आमच्या ताब्यात आहे. शेपटीवरचा तो रंग तेव्हा वाळला तरी होता का, कोण जाणे.

रडारला चकवणाऱ्या एफ-११७ चं पहिलं उड्डाण जून १९८१ मध्ये झालं आणि नोव्हेंबर १९८८ पर्यंत ते अस्तित्वातच नव्हतं. नेवाडातल्या टोनोपाच्या तळावरचे त्याचे वैमानिक आपण ए-७ हे जुनं लढाऊ विमान उडवतो असं सांगायचे. ते खरं वाटावं म्हणून तिथे खरीखुरी ए-७ विमानं ठेवली होती. सोमवारी घरून जायचे, शुक्रवारी परतायचे, बायकांना रात्री काय चालतं ते ठाऊक नसे. जुलै १९८६ मध्ये बेकर्सफील्डजवळच्या डोंगरात मेजर रॉस मलहेअर कोसळून गेले, तेव्हा विमान कुठलं होतं हे तुम्ही सांगितलं नाहीत. सांगितलं नाहीत, एवढंच. खोटं नाव नाही दिलंत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि ताजी गोष्ट. जून २०२५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने छापलं, की १९८० च्या दशकात हवाई दलाच्या एका कर्नलने एरिया ५१ या नेवाडातल्या गुप्त तळाजवळच्या एका बारमालकाला उडत्या तबकड्यांचे बनावट फोटो नेऊन दिले. खरं विमान कोणाला दिसलंच तर लोकांनी परग्रहवासी समजावं म्हणून. बातमीप्रमाणे, हे पेंटॅगॉनच्याच चौकशीत निघालं. म्हणजे ज्या अफवांना तुमचे प्रवक्ते कंटाळून हसतात, त्यातली निदान एक तुमच्याच माणसाने हाताने पेरली होती. आता पीक आलं तर कुरकुर कशाला?

मी गुपिताच्या विरोधात नाही, हेही स्पष्ट सांगते. माझ्या देशाला (हो, आता हाही माझाच देश आहे, शपथ घेऊन झालीय) काही गोष्टी लपवाव्या लागतात, हे मला कळतं. पामडेलला प्लँट ४२ लगत ब्लॅकबर्ड एअरपार्क आहे. तिकीट नाही, उघड्यावर चार विमानं : एसआर-७१ च्या आधीचं पहिलंवहिलं ए-१२, एक एसआर-७१, एक यू-२ आणि या मोठ्यांच्या जवळ धाकटं भावंड उभं असावं तसं डी-२१. मुलांना घेऊन जाते तेव्हा सगळी एसआर-७१ कडे धावतात. मी डी-२१ पाशी थांबते.

कारण अफवेतलं ते गुप्त, वेगवान, बिनपायलटचं हेरविमान हेच आहे. ते खरोखर झालं, साठीच्या दशकात. साधारण १३ मीटर लांब, तोंडाशी शंकू, आत रॅमजेट. ध्वनीच्या तीनपटीहून जास्त वेगाने, ९०,००० फुटांच्या आसपास जायचं, फोटो काढायचे, परत येऊन कॅमेऱ्याची पेटी पॅराशूटने सोडायची आणि स्वतःला उडवून द्यायचं. पेटी सी-१३० जातीच्या विमानाने हवेतल्या हवेत झेलायची. रॅमजेट उभ्या जागी सुरू होत नाही, आधी कोणीतरी वेग द्यावा लागतो, म्हणून सुरुवातीला ते ए-१२ च्याच एका भावाच्या पाठीवर बसवून सोडलं. ३० जुलै १९६६ ला पॅसिफिकवर ते सुटताना आईच्याच शेपटीवर आदळलं. आईविमानातले दोघं बाहेर पडले. त्यातले रे टोरिक समुद्रात बुडून गेले. त्यानंतर बी-५२ बॉम्बरखालून सोडायला लागले. नोव्हेंबर १९६९ ते मार्च १९७१ या काळात चीनमधल्या लोप नोर या अणुचाचणीच्या जागेवर चार मोहिमा झाल्या. पहिलं वळायचं विसरलं आणि सरळ सोव्हिएत संघात गेलं. दुसऱ्याची पेटी समुद्रात गेली. तिसऱ्याची पेटी झेलता आली नाही, मग विनाशिकेने पाण्यातून काढायचा प्रयत्न केला आणि तीही बुडाली. चौथं चीनमध्येच पडलं, त्याचे अवशेष आज बीजिंगजवळच्या संग्रहालयात आहेत. चार मोहिमा, एकही फोटो नाही.

१९७७ मध्ये ॲरिझोनातल्या टूसानच्या विमानभंगारात उरलेली डी-२१ हौशी लोकांना कुंपणावरून दिसली, तोवर बाहेर कोणाला नावही माहीत नव्हतं. मी मुलांना विचारते, हे लपवलं ते बरोबर केलं का? बहुतेक जण हो म्हणतात. मीही हो म्हणते. मग विचारते, फसल्यावर किती वर्षं लपवायचं? तिथे वर्ग फुटतो.

आता मामेभावासाठी थोडं भौतिकशास्त्र, तुम्ही तोवर चहा घ्या. साधं जेट इंजिन ध्वनीच्या अडीच-तीनपटीपर्यंत दम धरतं. पुढे आत येणारी हवाच एवढी तापते की फिरती पाती टिकत नाहीत. स्क्रॅमजेटमध्ये पाती नसतातच; हवा स्वनातीत वेगानेच आत शिरते, तिथेच इंधन जळतं. पण ते धड श्वास घेऊ लागतं चार-पाचपटीच्या पुढे. मधे मोठी दरी. आंबा घाट चढायला गाडी काढावी आणि तिला दुसऱ्या गिअरनंतर थेट पाचवाच असावा, असं. एसआर-७२ चा सगळा गाजावाजा होता तो ही दरी ओलांडल्याच्या दाव्याचा. बरं, नुसता वेग नवा नाही. ऑक्टोबर १९६७ मध्ये इथेच वैमानिक पीट नाइट यांनी एक्स-१५ हे प्रायोगिक विमान ध्वनीच्या ६.७ पट नेलं होतं. ते पुढे पामडेलचे महापौर झाले. पण ते रॉकेट होतं, दोन-अडीच मिनिटांच्या जळण्यावर चालणारं. हवा घेणाऱ्या इंजिनात एक्स-५१ या मानवरहित चाचणीयानाने मे २०१३ मध्ये साडेतीन मिनिटं जाळून दाखवली, नंतर ते ठरल्याप्रमाणे समुद्रात गेलं. भारताच्या डीआरडीओने सप्टेंबर २०२० मध्ये वीसहून अधिक सेकंद जाळलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादला जमिनीवरच्या चाचणीत हजार सेकंदांच्या पलीकडे. इंजिन पेटणं वेगळं आणि विमान जाऊन, परत येऊन, चाकांवर उतरून दुसऱ्या दिवशी पुन्हा उडणं वेगळं.

उष्णतेचं गणित तर मुलं पाच मिनिटांत करतात. त्या उंचीवरच्या थंड हवेत ध्वनीच्या ३.२ पट वेगाने गेलं, तर हवा जिथे नाकाशी अडते तिथे सुमारे चारशे अंश सेल्सियस. सहापट गेलं तर दीड हजारांच्या घरात. एसआर-७१ साठी टायटॅनियम वापरावं लागलं (त्यातलं बरंच सोव्हिएत संघाकडूनच आडमार्गाने आणलेलं, नियतीचा विनोद), तरी जमिनीवर उभं असताना त्याच्या टाक्या ठिबकायच्या. सहापटीला पुणे-मुंबई हवाई अंतर सत्तर सेकंदांत संपतं. असं धगधगतं काहीतरी कोणालाही न दिसता, न ऐकू येता रोज फिरेल ही कल्पनाच चुकीची. उष्णता पाहणाऱ्या उपग्रहांना ते दिव्यासारखं दिसेल आणि खाली गडगडाट होईल. ते गुप्त राहील फक्त नावाने.

म्हणून माझा अंदाज विचाराल तर : काहीतरी आहे. कदाचित एखादं चाचणीचं विमान, कदाचित अर्धवट राहिलेलं. व्हिडिओतल्यासारखं नक्कीच नाही. पण हा माझा अंदाज आहे, आणि तो मिरजेला पाठवायला मला लाज वाटते.

भारताचं सांगते, कारण तुलना झाली पाहिजे. ओडिशातल्या चारबातियाहून तुमची यू-२ विमानं १९६४ मध्ये उडाली, पहिलं २४ मेला. नेहरू तीन दिवसांनी गेले. हे आम्हाला कळलं ते २०१३ मध्ये, तुमच्या सीआयएने कागद मोकळे केले तेव्हा! एकोणपन्नास वर्षं. आमच्याकडे बरेलीला मिग-२५ होती, ध्वनीच्या जवळजवळ तीनपट जाणारी हेरविमानं, २००६ पर्यंत. १९९७ च्या मे महिन्यात त्यातलं एक इस्लामाबादवर गडगडाट करून आलं असं पाकिस्तान म्हणतं. भारताने ते कधी मान्य केलेलं नाही. एक देश गप्प, दुसरा रंग मारून उभा. गप्प बसणाऱ्याबद्दल राग येतो, पण पुढच्या वेळी तो बोलला तर ऐकावंसं वाटतं.

आता माझ्या शेजाऱ्यांची गोष्ट. पंचाहत्तरीचे आहेत, प्लँट ४२ मध्ये तीस वर्षं काढली. बायको गेल्यापासून शनिवारी सकाळी आमच्याकडे पोहे खायला येतात. कच्चा कांदा जास्त लागतो त्यांना. ओळख नवीन होती तेव्हा मी विचारलं होतं, तुम्ही तिथे काय करायचात? ‘पत्रे कापायचो.’ कशाचे? ‘टायटॅनियमचे.’ कुठल्या विमानाचे? त्यावर ते हसले नाहीत, डोळा मारला नाही, सिनेमातल्यासारखं खिडकीबाहेर बघितलं नाही. ‘ते मला सांगता येत नाही,’ म्हणाले आणि लिंबू पिळलं.

परवा त्यांना तो व्हिडिओ दाखवला. त्यांनी ढोलांसकट पूर्ण पाहिला. चष्मा काढून पुसला. ‘चित्र सिनेमातलं आहे,’ म्हणाले. ‘बाकीचं मला सांगता येत नाही.’

त्या ‘बाकी’त काही आहे की काहीच नाही, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. कारण काही नसतं तेव्हाही ते हेच म्हणतात. एकदा मी मुद्दाम विचारलं, तुमच्याकडे उडती तबकडी होती का? तेव्हाही हेच. पण रोपांना पाणी घातलं का विचारलं आणि ते हो म्हणाले, तर मी जाऊन बघत नाही.

तर माझी मागणी एवढीच आहे. विमान दाखवा असं म्हणत नाही. नसेल सांगायचं तर ‘सांगणार नाही’ म्हणा, आणि असलं तरी नसलं तरी तेच म्हणा, नेहमी. तुमच्याकडे या वाक्याची कायदेशीर सोयसुद्धा आहे, सत्तरच्या दशकापासून : ना दुजोरा, ना इन्कार. ‘असं काही नाही’ हे वाक्य मात्र फक्त खरोखर काही नसेल त्या दिवसासाठी राखून ठेवा. खोटा रंग, खोटा क्रमांक, बारमालकाला फोटो हे प्रकार आपल्याच देशातल्या लोकांवर करायचे नाहीत, असं समित्यांनी लिहून बंद करावं. जी कामं इतकी गुप्त आहेत की समित्यांच्या प्रमुखांनाच तोंडी सांगितली जातात, त्यांबद्दल निदान त्या मोजक्या जणांनी एवढं तरी विचारावं, की याच्याभोवती कोणतं खोटं उभं केलंय.

आणि पंचवीस वर्षांचा नियम तुमचाच आहे. २००९ च्या अध्यक्षीय आदेशात आहे : पंचवीस वर्षांनी कागद आपोआप मोकळे, अपवाद वगळून. १९९१-९२ चे गुरुवार उलटून तीस वर्षांवर गेली. ते धक्के नौदलाच्या विमानांचे होते, तर त्या दिवसांच्या उड्डाणनोंदी ठेवा समोर. माझी मुलं अर्ध्या तासात ताळा करतील. भूकंपमापकांचे आकडे आमच्याकडे आहेतच. ऑरोरा बी-२ चाच पैसा होता, तर तो कागद दाखवा. राज्यघटनेच्या पहिल्या कलमाच्या नवव्या विभागात सार्वजनिक पैशाचा हिशेब वेळोवेळी छापावा असं लिहिलंय. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी मी ती प्रत विकत घेतली होती, अजून कपाटात आहे.

तुम्हाला हे जमतं, हे मी पाहिलंय. १० नोव्हेंबर २०२३ ला व्हेटरन्स डेची सुट्टी होती. सकाळी थंडीत शेकडो माणसं पामडेलच्या रस्त्याकडेला उभी होती, कॉफीचे पेले आणि शिड्या घेऊन. बी-२१ हे नवं बॉम्बर पहिल्यांदा उडालं आणि एडवर्ड्सकडे गेलं. त्याच्या पोटात काय आहे हे कोणी विचारलं नाही. माझा एक विद्यार्थी वडिलांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. त्याच्या फॉर्मवर ‘एरोस्पेस’ होतं. विमान दिसेनासं झाल्यावर वडील त्याला हळूच काहीतरी म्हणाले, आणि तो पोरगा सोमवारपर्यंत जमिनीपासून दोन इंच वर चालत होता.

मामेभावाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुमच्याकडून काही येतंय का, वाट पाहत होते. काल रात्री त्याचाच पुन्हा मेसेज आला :

‘अक्का, गप्प का? म्हणजे आहे ना?’

आपली,
लँकेस्टरची एक करदाती
(मूळ मुक्काम मिरज)